वाचकांचे प्रश्न : सरकारने माफी मागायची म्हणजे नेमकी कोणी?

आदिवासी मुलांना आईबापांपासून हिरावून नेल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २००८ साली तेथील आदिवासींची माफी मागितली, एवढा एका वाक्याचा उल्लेख मागच्या महिन्यात या सदरात आला आणि त्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळच पत्रे आली. त्यांतील चार निवडून या वेळचे सदर याच विषयासाठी ठेवले आहे. दोघा पत्रलेखकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे, म्हणून चौघांचीही नावे गाळली आहेत. शब्दाविषयी एक खुलासा आधीच करून ठेवतो. ‘ॲबोरिजिनल’ या शब्दासाठी मी ‘आदिवासी’ हाच शब्द वापरला आहे. ‘मूळनिवासी’ हा अर्थाने अधिक जवळचा असला, तरी महाराष्ट्रात त्याला वेगळ्याच राजकारणाचा संदर्भ चिकटलेला आहे. टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक स्वतःला मुख्य भूमीवरील आदिवासींहून वेगळे मानतात, आणि त्या माफीच्या ठरावात त्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे.

प्रश्न : माझी मुलगी मेलबर्नला असते. गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे असताना, २६ तारखेला नातवाच्या शाळेत ‘सॉरी डे’ पाळण्यात आला. घरी आल्यावर त्याने मला विचारले, ‘आजोबा, आपण कोणाला सॉरी म्हणायचं?’ जावई म्हणाले, ‘आपण इथे येऊन दहा वर्षं झाली. आपण कोणाचं मूल पळवलेलं नाही.’ मी बँकेत तीस वर्षे काढली आहेत. ज्याने कर्ज काढले त्याने ते फेडावे, पणजोबांच्या पापाचा हिशेब पणतूकडे मागू नये, असे मलाही वाटते. यात काही चुकते आहे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपले जावई जे म्हणाले, तेच जॉन हॉवर्ड हे पंतप्रधान १९९६ ते २००७ अशी अकरा वर्षे म्हणत होते. आधीच्या पिढ्यांनी केलेल्या कृत्यांची जबाबदारी आजच्या पिढीवर टाकता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती आणि देशातील पुष्कळ लोकांना ती रास्त वाटत होती. तेव्हा तिला मूर्खपणा म्हणून बाजूला सारणे बरे नव्हे. मात्र तिचा विचार करण्यापूर्वी प्रत्यक्षात काय घडले होते, हे पाहिले पाहिजे.

साधारण १९१० ते १९७० या काळात आदिवासी मुलांना, विशेषतः ज्यांच्यात गोऱ्या रक्ताची सरमिसळ होती अशा मुलांना, कायद्याच्या जोरावर आईबापांपासून काढून वसतिगृहांत, मिशनांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीनंतर मुलाची आबाळ होते आहे, हे न्यायालयापुढे सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. संरक्षण मंडळाला वाटले की पुरे. मंडळाच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांच्या नेतृत्वाखालील चौकशीचा ‘ब्रिंगिंग देम होम’ हा अहवाल २६ मे १९९७ रोजी संसदेपुढे ठेवण्यात आला. आपल्या नातवाच्या शाळेतला दिवस त्या तारखेवरून आला आहे. अहवालाच्या अंदाजाप्रमाणे या काळात दर दहांपैकी एक ते दर तिघांपैकी एक आदिवासी मूल अशा रीतीने तोडले गेले.

आकड्यांपेक्षा एक हकिगत अधिक सांगून जाईल. १३ फेब्रुवारी २००८ रोजी माफीचा ठराव मांडताना पंतप्रधान केव्हिन रड यांनी ती सभागृहात सांगितली. ऐंशी ओलांडलेल्या एका आजी त्यांना भेटल्या होत्या. १९३२ च्या सुमारास, त्या चारेक वर्षांच्या असताना, सरकारी माणसे मुले उचलून नेतात या धास्तीने त्यांच्या वस्तीने ओढ्याच्या काठात मुलांना लपण्यासाठी खड्डे खणून ठेवले होते. माणसे आली ती ट्रक घेऊन, आणि सोबत चाबूक वाजवणारा घोड्यावरचा एक आदिवासी गुराखीही. मुले सापडली. ट्रकच्या कडेला लोंबकळून आई रडत राहिली आणि मुले ॲलिस स्प्रिंग्जच्या सरकारी निवासात जाऊन पडली. काही वर्षांनी धोरण बदलले आणि मुले चर्चच्या मिशनांकडे सोपवायचे ठरले. कोणत्या पंथाकडे कोणते मूल, हे ठरवण्यासाठी मुलांना तीन रांगांत उभे करण्यात आले. डावीकडची रांग कॅथलिक झाली, मधली मेथडिस्ट, उजवीकडची चर्च ऑफ इंग्लंडची. आजी आणि त्यांची बहीण मधल्या रांगेत होत्या, भाऊ डावीकडच्या. कुटुंब दुसऱ्यांदा फुटले. आई त्यांना पुन्हा कधीच भेटली नाही.

आता आपल्या युक्तिवादाकडे वळतो. ‘पणजोबा’ हा शब्द येथे मुळात लागू पडत नाही. ही पद्धत १९७० च्या आसपासपर्यंत चालू होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी निवडून आलेले सदस्य अजून या सभागृहात बसलेले आहेत, याची आठवण रड यांनी त्याच भाषणात करून दिली. ज्यांना उचलून नेले होते त्यांच्यापैकी शंभराहून अधिक जण त्या दिवशी प्रेक्षक कक्षात होते.

दुसरे असे की, आपण बँकेतले आहात म्हणून कर्जाऐवजी ठेवीचे उदाहरण घेऊ. एखाद्याने १९६५ साली आपल्या शाखेत ठेव ठेवली आणि आज त्याचा नातू पावती घेऊन खिडकीशी आला, तर ‘ती रक्कम घेणारा कारकून कधीच निवृत्त झाला, आजच्या भागधारकांचा त्याच्याशी संबंध नाही’ असे आपण त्याला सांगाल का? बँक ही माणसांहून वेगळी, सलग चालणारी व्यक्ती आहे, तसेच सरकारही. मागच्या सरकारने केलेले तह, काढलेले कर्जरोखे, दिलेली निवृत्तिवेतनाची हमी हे सर्व पुढचे सरकार मुकाट पाळते. चांगल्या वारशाच्या वेळी ‘आम्ही’ म्हणायचे आणि वाईटाच्या वेळी ‘ते’ म्हणायचे, हा प्रकार हिशेबाच्या वहीत बसत नाही.

जावयांचा मुद्दा याहून थोडा नाजूक आहे, कारण ते बाहेरून आले. आपल्याकडे शेत विकत घेतले, तर सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यातला बोजाही सोबत येतो. तो मी लिहिला नाही, असे सांगून तो पुसला जात नाही. मेलबर्न ज्या जमिनीवर वसले ती कुलिन समूहातील वुरुंजेरी आणि बुनुरोंग लोकांची होती. ब्रिटिशांनी हा देश कोणाच्याच मालकीचा नव्हता असे गृहीत धरले, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते गृहीतक ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात फेटाळले. याचा अर्थ आपल्या नातवाने गुन्हेगार म्हणून मान खाली घालावी, असा मुळीच नाही. ठरावाची भाषा नीट वाचली तर माफी लागोपाठच्या संसदांनी आणि सरकारांनी केलेल्या कायद्यांबद्दल व धोरणांबद्दल आहे. कोणत्याही गोऱ्या शेजाऱ्याच्या किंवा पुण्याहून गेलेल्या अभियंत्याच्या वैयक्तिक पापाबद्दल नाही. नातवाला एवढेच सांगावे की, सॉरी सरकार म्हणाले आहे आणि तो आता त्या सरकारचा नागरिक आहे.

प्रश्न : या प्रसंगाच्या बातम्यांत मराठी वृत्तपत्रांनी माफी, क्षमायाचना, खेद, दिलगिरी असे सर्व शब्द एकाच अर्थाने वापरले होते. इतकी वर्षे वाद चालला तो एका शब्दावरून होता, असे म्हणतात. हा शब्दच्छल नाही का? (मराठीच्या एक अध्यापिका, सदाशिव पेठ)

उत्तर : बाई, आपण मराठी शिकवता, म्हणून उत्तर व्याकरणातूनच देतो. कपबशी पडली की घरातले मूल ‘कप फुटला’ म्हणते. ‘मी कप फोडला’ असे ते क्वचितच म्हणते. ‘फुटला’ आणि ‘फोडला’ या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, त्यावरच ऑस्ट्रेलियातील वाद दहा वर्षे अडून राहिला. हॉवर्ड यांनी २६ ऑगस्ट १९९९ रोजी संसदेत एक ठराव मंजूर करून घेतला. आधीच्या पिढ्यांच्या पद्धतींमुळे आदिवासींना अन्याय सोसावे लागले, याबद्दल त्यात मनःपूर्वक खेद व्यक्त केला होता. अन्याय ‘झाले’ होते. ते ‘केले’ कोणी, याचे उत्तर वाक्यात नव्हते. २००८ च्या ठरावात कर्ता आला.

खेद हा प्रेक्षकालाही होतो. शेजारच्या गावी पूर आला तरी आपण खेद व्यक्त करतो. दिलगिरी मराठीत बहुधा अंकातल्या मुद्रणदोषासाठी उरली आहे. माफी मागायची, तर मागणारा, ज्याची मागायची तो आणि केलेले कृत्य अशा तिन्ही गोष्टी उच्चाराव्या लागतात. आपल्याला हा फरक जालियनवाला बागेच्या संदर्भात चांगला कळतो. एप्रिल २०१९ मध्ये, हत्याकांडाच्या शताब्दीच्या वेळी, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत खोल खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही, आणि आपल्या वृत्तपत्रांनी ती त्रुटी लगेच टिपली. उलट १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल मनमोहन सिंग यांनी ऑगस्ट २००५ मध्ये आपल्या संसदेत स्पष्ट शब्दांत माफी मागितली होती, तेव्हा त्या हिंसाचाराशी त्यांचा स्वतःचा काही संबंध नव्हता, आणि त्यांनी मागितल्यामुळेच ती सरकारची ठरली.

‘सॉरी’ या शब्दाला आदिवासींच्या इंग्रजीत आणखी एक अर्थ आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कोणी दगावले की पुढचे सर्व विधी, शोक, मृताचे नाव न घेणे, दूरच्या आप्तांनी येऊन बसणे, या सगळ्याला ते ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. म्हणजे त्यांना हव्या असलेल्या शब्दात कबुली होती आणि दुखवटाही होता. आपण समाचाराला जातो तेव्हा त्या माणसाला आपण मारले, असे कोणी समजत नाही. पण न गेल्यास ते घर जन्मभर विसरत नाही. हॉवर्ड समाचारालाही गेले नाहीत, अशी भावना त्यामागे होती. २८ मे २००० रोजी सिडनीच्या बंदरावरील पुलावरून सुमारे अडीच लाख माणसे चालत गेली. सरकारने न केलेला समाचार लोकांनी केला, असेच मी त्याला म्हणेन.

विरोधी पक्षनेते ब्रेंडन नेल्सन यांनी २००८ मध्ये ठरावाला पाठिंबा दिला. परंतु भाषणात ‘हेतू चांगला होता’ या बाजूवर आणि आदिवासी वस्त्यांतील आजच्या गैरप्रकारांवर इतका भर दिला की, बाहेर पडद्यावर भाषण पाहणाऱ्या पुष्कळ लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. समाचाराला गेलेल्याने मृताच्या दोषांची यादी काढली, तर आपल्याकडेही काही वेगळे घडणार नाही.

प्रश्न : मी आंबेगाव तालुक्यातील महादेव कोळी समाजाचा आहे आणि पुण्यात वसतिगृहात राहून शिकतो. माझ्या आजोबांची जमीन धरणात गेली. शब्दांनी त्यांचे शेत परत आले नसते. ऑस्ट्रेलियात माफीने काय मिळाले? नुसता समारंभ झाला असेल, तर त्याचे कौतुक कशासाठी? (एक विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : तुमच्यासारखाच आक्षेप तेथील आदिवासी नेत्यांनीही घेतला होता. शब्द काळ्यांना मिळतील आणि पैसा गोऱ्यांकडेच राहील, अशा आशयाचे नोएल पिअर्सन यांनी माफीच्या तोंडावरच लिहिले. रड सरकारने नुकसानभरपाईला स्पष्ट नकार दिला होता, तेव्हा हा टोला अनाठायी नव्हता.

पैशाची वाट न्यायालयातून फारशी निघाली नाही, हे आधी सांगतो, कारण कायदा शिकवताना मला हा भाग नेहमी अस्वस्थ करीत आला. ज्या कायद्याने मुले उचलली तो त्या वेळी वैध होता, मग भरपाई कशाची, असा पेच पडत असे आणि जुनी कागदपत्रे सापडत नसत. दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र २००७ मध्ये एक गृहस्थ जिंकले. तेरा महिन्यांचे असताना १९५७ च्या नाताळच्या दिवशी पोटदुखीसाठी त्यांना रुग्णालयात नेले होते. तेथून आईला न विचारता त्यांना एका गोऱ्या कुटुंबाकडे दिले गेले. आईने पत्र लिहून मुलाची चौकशी केली, तर सरकारी खात्याकडून उत्तर आले की, प्रकृती सुधारते आहे, पण डॉक्टरांना तो अजून उपचारासाठी हवा आहे. तो तेव्हा रुग्णालयात नव्हताच. त्यांना ५,२५,००० डॉलर मंजूर झाले, आणि ते जिंकले याचे कारण असे की, त्या प्रांताच्या तत्कालीन कायद्यातही खात्याला तो अधिकार नव्हता आणि तसा कायदेशीर सल्ला खात्याला मिळालेला होता.

प्रांतांनी पुढे निधी काढले. टास्मानियाने माफीपूर्वीच, २००६ मध्ये, ५० लाख डॉलरचा कायदा केला होता. न्यू साउथ वेल्सने २०१७ पासून हयात व्यक्तींना प्रत्येकी ७५,००० डॉलर देऊ केले. केंद्र सरकारने स्वतःच्या अखत्यारीतील प्रदेशांसाठी तेवढीच योजना जाहीर केली ती २०२१ मध्ये, म्हणजे माफीनंतर तेरा वर्षांनी. या तेरा वर्षांत किती वृद्ध गेले असतील, त्याचा हिशेब तुम्हीच करा. कॅनडाने क्रम उलटा ठेवला. निवासी शाळांत डांबलेल्या दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलांबाबतचा आर्थिक समझोता २००७ मध्ये अमलात आला, आणि पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी माफी मागितली ती ११ जून २००८ रोजी. शाळेतील पहिल्या वर्षासाठी १०,००० आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३,००० डॉलर असा तो दर होता. बालपणाचा दर ठरवणे विचित्र वाटते खरे. पण दर ठरला म्हणून रक्कम हातात पडली. अमेरिकेने तर २००९ मध्ये आदिवासींची माफी संरक्षण खर्चाच्या कायद्यात कोठेतरी आत घालून ठेवली आणि खाली लिहिले की, यामुळे सरकारविरुद्धच्या कोणत्याही दाव्याला आधार मिळणार नाही. वाईट माफी कशी असते, हे विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल, तर हा नमुना पुरेसा आहे.

म्हणून माफी व्यर्थ, असे मात्र मी म्हणणार नाही. माफीपूर्वी, मुले उचलली गेलीच नाहीत, किंवा ती त्यांच्या भल्यासाठीच नेली, असे जाहीरपणे सांगता येत होते आणि सांगितले जात होते. माफीनंतर तसे बोलणाऱ्याला संसदेच्या नोंदीविरुद्ध बोलावे लागते. माफीच्या वेळी सभागृहातून निघून गेलेले आणि पुढे विरोधी पक्षनेते झालेले पीटर डटन यांनी पंधरा वर्षांनंतर, २०२३ मध्ये, त्या वर्तनाबद्दल माफी मागितली. पण याच्या पुढे माफी आपोआप जात नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, आदिवासींचा सल्लागार मंच घटनेत आणण्याचा प्रस्ताव जनमतात सुमारे साठ टक्के मतदारांनी नाकारला. सहाही प्रांतांत तो पडला. आणि आजही त्या देशात आईबापांपासून वेगळ्या ठेवलेल्या मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के आदिवासी आहेत, लोकसंख्येत त्यांचा वाटा चार टक्क्यांच्याही आत असताना. तुमच्या आजोबांच्या शेताबद्दल कोणी तुम्हाला शब्द देऊ लागले, तर ते जरूर घ्या, पण पुनर्वसनाची फाईल बंद होऊ देऊ नका.

प्रश्न : माझ्या आजोबांचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड झाला. आमच्या जमातीला जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांचा होता. आमची माफी कोणी मागायची, लंडनने की दिल्लीने? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : आपल्या पत्रामुळेच हे सदर एका विषयाला वाहिले, हे प्रथम सांगतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि ऑस्ट्रेलियातील ‘संरक्षणा’चे कायदे एकाच साम्राज्याच्या कचेऱ्यांत वाढले. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय आपल्याकडेही केली होती, आणि काही वसाहती मिशनऱ्यांच्या साल्व्हेशन आर्मीकडे चालवायला दिल्या होत्या. हजेरी, पास, रात्रीची झडती हे आपण आजोबांकडून ऐकलेच असेल.

लंडनने माफी मागावी, यात मला शंका नाही. परंतु वर बँकेचे जे सांगितले, ते दिल्लीलाही लागू पडते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ती पाच वर्षे इंग्रजांच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा आहे, आणि तो इंग्रजांनी केलेला नाही. पोलिसांची वही तीच राहिली, शीर्षक बदलले. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला, तुरुंगाच्या नियमपुस्तिकांतील विमुक्त जमातींना गुन्हेगारी वृत्तीचे मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. विमुक्त व भटक्या जमातींसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिले. ऑस्ट्रेलियात चौकशी अहवालापासून माफीपर्यंत अकरा वर्षे लागली होती. आपल्याकडे ती मुदत रेणके अहवालापासून मोजली, तर केव्हाच उलटून गेली आहे.

आता ‘कोणी’ याचे थेट उत्तर. ऑस्ट्रेलियात कॅनबेराची वाट पाहत प्रांत थांबले नव्हते. अहवाल आला त्या १९९७ सालातच बहुतेक प्रांतांच्या विधिमंडळांनी आपापली माफी मागून टाकली, क्वीन्सलंडने १९९९ मध्ये आणि नॉर्दर्न टेरिटरीने २००१ मध्ये. केंद्र सर्वांत शेवटी आले. सोलापूरची वसाहत मुंबई सरकारने चालवली आणि त्या सरकारचे दप्तर आज महाराष्ट्राकडे आहे. तेव्हा पहिला ठराव मुंबईत, विधिमंडळात यावा, आणि त्यात सोलापूरचे नाव, तारेच्या कुंपणाचा उल्लेख, ‘केले’ हे क्रियापद आणि १९५९ चा कायदा रद्द करण्याचे कलम असावे, असे माझे मत आहे. आपल्या भागातील आमदारांना पाठवण्यासाठी अशा ठरावाचा मसुदा आपण तयार करणार असाल, तर कायद्याच्या भाषेपुरती मदत मी आनंदाने करीन. संपादकांच्या पत्त्यावर कळवावे.